मंत्र, श्वास आणि मेंदू

हरियाणातील मानेसर हे गाव मोटारींच्या कारखान्यांमुळे सर्वांना ठाऊक आहे. तेथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राचे नाव मात्र फारसे कानावर येत नाही. या केंद्रात यजुर्वेद मुखोद्गत असलेल्या २१ पंडितांच्या आणि तितक्याच इतर व्यक्तींच्या मेंदूंची एमआरआय यंत्राद्वारे तपासणी करण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, भाषा व स्मृती यांच्याशी निगडित भागांत पंडितांच्या मेंदूतील करड्या द्रव्याची घनता अधिक आढळली. लगोलग ‘मंत्राने बुद्धी वाढते’ असा गाजावाजा सुरू झाला.

हा निष्कर्ष घाईचा आहे. पंडितांनी वर्षानुवर्षे रोज कित्येक तास पाठांतर केलेले असते. अध्ययनापूर्वी त्यांचे मेंदू कसे होते, हे कोणी तपासलेले नव्हते. शिवाय लंडनमधील टॅक्सीचालकांच्या मेंदूतही स्मृतीशी संबंधित भागात वेगळेपण असल्याचे २००० साली दिसून आले होते. त्यांनी मंत्र नव्हे, तर शहरातील हजारो रस्ते पाठ केले होते! तेव्हा या फरकाचे श्रेय मंत्राच्या अक्षरांपेक्षा दीर्घ अभ्यासाला देणे अधिक युक्त ठरते.

यामुळे मंत्रसाधनेचे मोल कमी होत नाही. फक्त ते अन्यत्र शोधावे लागते. वेदपाठात ऱ्हस्व-दीर्घ, स्वरांचे चढउतार आणि विरामाच्या जागा गुरुमुखातून शिकाव्या लागतात. ज्याला हे साधते, त्याच्या श्वासाला आपोआप वळण लागते. योगपरंपरेतील ‘अजपाजप’ तर श्वासालाच मंत्र मानतो. आत येणारा श्वास ‘सो’, बाहेर जाणारा ‘हं’. दिवसरात्रीत असे २१,६०० श्वास होतात, असे ही परंपरा सांगते. हिशेब केला, तर मिनिटाला १५ श्वास येतात आणि निरोगी प्रौढाच्या श्वसनाशी हा आकडा जुळतो. इटलीतील संशोधकांनी २००१ साली २३ जणांवर प्रयोग केला. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना असो वा ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा बौद्ध मंत्र, दोहोंच्या पठणाने श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावली. धर्म निराळे, भाषा निराळ्या. श्वासाची लय मात्र एकच. अर्थात, मंद श्वासाने मन शांत होत असले, तरी त्याच्या भरवशावर रक्तदाबाचे औषध बंद करणे हा अविचारच होय.

महाराष्ट्रात या साधनेला आणखी एक वळण मिळाले. वेदपठणाचा अधिकार दीर्घकाळ मूठभर पुरुषांपुरता राखलेला होता. नाथपरंपरेतील योगाचे ज्ञान असलेल्या ज्ञानेश्वरांनी हरिपाठ मात्र मराठीत रचला. नाम घ्यायला ना उपनयन लागते, ना संस्कृत. जनाबाईंनी ते दळताकांडता घेतले, चोखोबांनी मंदिराबाहेर उभे राहून घेतले. मानेसरच्या यंत्राखाली गेलेले एकवीसही पंडित पुरुष होते. रोज सांजवेळी टाळांच्या ठेक्यावर हरिपाठ म्हणणाऱ्या वारकरी स्त्रियांचा श्वास आणि स्मृती यांचाही तितक्याच आस्थेने अभ्यास व्हायला हवा.