गाणार कोण?

गॅदरिंगच्या सिलेक्शनला कुणी नुसती गिटार घेऊन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "गाणार कोण?" कुणीच नाही म्हटलं की निकालही ठरलेला, "मग दोन आयटमच्या मध्ये वाजव थोडं." मित्रांनो, हा त्या पोरावर अन्याय आहेच, पण ऐकणारे म्हणून नुकसान आपलंच जास्त आहे.

उदाहरणासाठी लांब जायला नको. मुंबईचा वॉरन मेंडोन्सा हा आधी 'झीरो' या रॉक बँडचा गिटारिस्ट. पुढे 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावाने त्याने स्वतःचे अल्बम काढले. पहिला २००७ साली आला आणि 'द लास्ट ॲनालॉग जनरेशन' २०१७ साली. पाया ब्लूज-रॉकचा, आणि गायकाची जागा गिटारने घेतलेली.

वाद्याने गाणं हे आपल्याला काही नवीन नाही. प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' मराठी घरांत आवडीने ऐकलं गेलं. पण तिथे शब्द आपल्याला पाठ असतात. व्हायोलिन वाजतं आणि आपण मनात गातो. इथे आधाराला शब्दच नाहीत, त्यामुळे स्वराकडे लक्ष द्यावंच लागतं. ब्लूजचा गिटारिस्ट तार बोटाने ताणून स्वर वर चढवतो. सतारीवर तार ओढून मींड काढतात, त्याच जातीची ही गंमत. तो स्वर किती लवकर पोचला याला मार्क नाहीत, कसा पोचला याला आहेत.

आता थोडं इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी. क्लिपिंग आपण लॅबमध्ये दोष म्हणून शिकतो. ॲम्प्लिफायरला झेपणार नाही एवढा सिग्नल दिला की लाटेची टोकं कापली जातात. ब्लूज-रॉकचा आवाज याच दोषावर उभा आहे! व्हॉल्व्हचा ॲम्प ती टोकं एकदम न छाटता गोलसर करतो. त्यातून जादा हार्मोनिक्स मिसळतात आणि स्वर भरदार होतो. सीआरओवर बिघडलेली लाट कानाला मात्र गोड लागते. सगळंच काही रीडिंग घेऊन ठरत नाही, ते असं.

कुणी म्हणेल, शब्द नसले की बोअर होतं. अर्ध्या मिनिटाचा सोलो ऐकून ट्रॅक बदलला तर होणारच. अल्बममध्ये एका ट्रॅकची शांतता पुढच्या ट्रॅकला उपयोगी पडते, म्हणून तो सलग ऐकावा. पनवेलहून सीएसएमटीच्या लोकलमध्ये एक अल्बम आरामात संपतो. आणि नेऱ्याला संध्याकाळनंतर होस्टेलवर वेळच वेळ असतो, सबमिशनचे दिवस सोडून!

तेव्हा कमिटीला एकच विनंती : यंदा दहा मिनिटं बिनगायकाच्या गिटारला द्या. मधल्या वेळेत नको, कार्यक्रमपत्रिकेत नाव छापून. आणि मागच्या रांगेतल्या मंडळींनी तेवढी दहा मिनिटं "गाणं म्हण रे" असं ओरडू नये. गाणं तेव्हा चालूच असेल.