पिल्लू हट्टी की घर?

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मराठीतच लिहायचा होता, कारण भांडण मराठीत झालं. (थोडं कानडीतही!)

आमचं घर होटगीत, स्टेशनपासून जवळच. जूनमध्ये भावाने एक गावठी पिल्लू आणलं. नाव बंड्या. जेमतेम दोन महिन्यांचा जीव, पण मालगाडीने हॉर्न दिला की हॉलमध्ये तळं! आठ दिवसांत घराने निकाल दिला, "हे पिल्लू हट्टी आहे." शेजारचे काका म्हणाले, "गावठीला वळण लागत नाही बे, लॅब्रॅडोर आणायचं." आणि बाबा म्हणाले, "रविवारी स्टेशनवर सोडून येतो."

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण तीन वर्षांपूर्वी आम्ही एक पिल्लू खरंच असं सोडून आलो होतो. ते पुन्हा दिसलं नाही. पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं राहील असं सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी तोंड उघडलं असतं का, कोण जाणे.

या वेळी मी पंधरा दिवस मागून घेतले आणि एक वही केली. वहीत पिल्लाचं नाही, आमचं वागणं लिहिलं.

वाचून लाज वाटली. आजी त्याला "बा, बा" म्हणून बोलावते, भाऊ शिट्टी मारतो, मी "कम हिअर" म्हणते. सोफ्यावर चढलं की आई हाकलते, मॅच चालू असली की भाऊ मांडीवर घेतो. बाबा स्वतःच्या ताटातली भाकरी देतात, आम्ही दिली की ओरडतात. कधी मिळतं, कधी नाही, म्हटल्यावर पिल्लू मागणं कशाला सोडेल? मटका लावणारा सोडतो का? स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरांवर प्रयोग करून हेच दाखवलं होतं, की अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सुटायला सगळ्यात अवघड. (तसं आमच्या घरात सातच्या आत यायचा नियम मला आहे, भावाला नाही. पण तो वेगळा लेख!)

शिक्षेचंही तेच. बाबा संध्याकाळी येऊन सकाळच्या डागावर त्याचं नाक घासायचे. कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांना सांगायला नको, फीडबॅकला उशीर झाला की सिस्टिम बिघडते. बंड्या एवढंच शिकला की बाबा आले की पळायचं.

मग ठरलं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच अंगणातल्या लिंबाखाली न्यायचं, एरवी दर दोन तासांनी. तिथे केलं की त्याच क्षणी शाबासकी आणि चण्याएवढा भाकरीचा तुकडा. घरात केलं तर न ओरडता पुसायचं, फिनेलने नाही, पाण्यात व्हिनेगर घालून. फिनेलने आपल्याला वास येत नाही, त्याच्या नाकाला येतोच, आणि वास आला की तो पुन्हा तिथेच जातो. पहिले पाच दिवस काहीच फरक नाही. सहाव्या दिवशी तो स्वतः दाराशी जाऊन कुंईकुंई करायला लागला... मी सबमिशन सोडून धावले.

काकांसाठी एक माहिती. आमच्या होटगीहून जी गाडी विजापूर-बागलकोटकडे जाते, त्याच बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ. तिथल्या देशी मुधोळ कुत्र्यांची पिल्लं २०१६ मध्ये लष्कराने मेरठला प्रशिक्षणासाठी नेली. बंड्या काही मुधोळ नाही, मान्य. पण देशी म्हणजे बिनवळणाचं, हे कुणी ठरवलं?

रविवार कधीच उलटला. काल बाबांनी स्वतःच्या हाताने नियमांचा कागद दाराला चिकटवला. बोलवायचा शब्द एकच, सगळ्यांना सारखा. माझं "कम हिअर" त्यात नाही. आजीचं "बा" आहे.