गाठ बाजारात सुटू द्या

कच्छ-जामनगरकडची बांधणी पूर्वी गाठींसकट विकली जायची. रंगवून वाळवलेली ओढणी आक्रसलेली, सुरकुतलेलीच गिऱ्हाईकापुढे यायची. दोघांनी दोन टोके धरून ती ताणली की दोरा तडतड निघून यायचा आणि ठिपक्यांची नक्षी उलगडायची. हे कापड छापलेले नाही, बोटांनी बांधलेले आहे, याचा तोच पुरावा होता. आज तसाच ठिपका सुरतेच्या यंत्रावर पॉलिस्टरवर छापून येतो आणि आठवडी बाजारात निम्म्याहून कमी भावात विकला जातो. अशा वेळी हाताने बांधणाऱ्या बाईला सर्वांत जास्त गरज असते ती गिऱ्हाइकासमोर उभे राहण्याची. तिच्या कामातला फरक बोलून आणि दाखवूनच कळतो.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हे काम येणाऱ्या बायका आहेत. बचत गटांची शिबिरे, शिवणक्लास, फॅशन डिझाइनचे अभ्यासक्रम यांतून टाय अँड डाय शिकवले जाते. शिबिराच्या शेवटी प्रमाणपत्र मिळते, फोटो निघतो. मग माल घेऊन बसायचे कुठे? या प्रश्नाशी येऊन सगळे अडते. शिकवण्यावर पैसा खर्च होतो, विकण्याच्या जागेवर होत नाही. हा क्रम उलटा करायला हवा.

बांधणी आपली नाही, असे कुणी म्हणेल. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतल्या काही वस्त्रांवर बांधणीसारखीच ठिपक्यांची नक्षी दिसते, आणि कापड रंगवणे-छापणे हा तर महाराष्ट्रातल्या भावसार समाजाचा पिढीजात धंदा. पण परंपरेच्या दाखल्यापेक्षा मोठी गोष्ट या दोन जिल्ह्यांच्या मातीतच आहे. इथे रंग पिकतो. आटपाडीच्या डाळिंबाची साल तुरटीबरोबर उकळली की सुती कापडावर टिकाऊ पिवळा चढतो. त्याच कापडाला लोहाचे पाणी दाखवले की तो हिरवट करडा होतो. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या जंगलातला हिरडा तर रंगाऱ्याचा जुना सोबती. त्यातल्या तुरटपणामुळे सुतावर रंग धरतो, आणि गंजक्या लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवून केलेले द्रावण त्यावर पडले की काळा उमटतो. गूळ कराड-सांगलीचा, भंगार कुठल्याही गावचे. लोणंदच्या कांदा बाजारात पडणारी कांद्याची टरफलेही सोनेरी-तपकिरी छटा देतात.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती कापडाला झटकन रंग देते, पण उन्हात तितक्याच झटकन उडते, आणि साबणाचे पाणी लागले की लालसर होते. हळदीला चुना किंवा पापडखार लावून कुंकू करतात, त्यातलाच हा गुण. म्हणून हळदीचा कुडता विकणारीने ‘सावलीत वाळवा’ असे आधी सांगायला हवे. न सांगता विकलेला एक कुडता दहा गिऱ्हाइके तोडतो. पेठेतल्या रंगाच्या पुड्यांचेही तेच. १९५६ साली बाजारात आलेले रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुताच्या धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात. सोडा नीट घातला, कापड रात्रभर ओले झाकून ठेवले आणि नंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतले, तर ते वर्षानुवर्षे टिकतात. स्वस्त डायरेक्ट रंग धाग्यावर नुसते बसतात आणि पहिल्या धुण्यात शेजारच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरतात. ‘रंग जातो का?’ हा बाजारातला पहिला प्रश्न याच अनुभवातून आला आहे. त्याचे उत्तर देताना ज्या बाईने स्वतः रंगवले तिचा आवाज वेगळा लागतो.

दुसरा प्रश्न भावाचा. एक साधा हिशेब मांडून पाहू. सुती ओढणीचे कापड १८० रुपये. रंग, सोडा, दोरा, गॅस मिळून ४०. बाजाराचे वडाप, पावती, चहा-पाणी मिळून ३००, आणि दिवसात दहा नग विकले गेले तर नगामागे ३०. झाले २५०. बांधणे, रंगवणे, गाठी सोडणे, इस्त्री यात अर्धा दिवस जातो. रोजगार हमीची महाराष्ट्रातली २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये, म्हणजे अर्ध्या दिवसाचे १५६. ओढणी ४०६ रुपयांना पडली, आणि यात नफा अजून आलेलाच नाही. शेजारी छापील ओढणी दीडशेला असते, म्हणून घासाघीस होऊन हिची साडेतीनशेला जाते. तिच्या हातात अर्ध्या दिवसाचे शंभर रुपये उरतात. खडी फोडणाऱ्या हाताला याहून जास्त मिळतात. बहुतेक जणी हा हिशेब कागदावर मांडत नाहीत, कारण स्वतःचा वेळ खर्चात धरायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. घरच्यांनी तर कधीच नाही.

माण तालुक्यातल्या म्हसवडचे उदाहरण इथे मोलाचे आहे. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळाला. आधीचा अर्ज नाकारला गेला होता, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींनी अंगठे उठवले होते. त्या बायका अक्षरे गिरवून पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी त्यांनी अधिकाऱ्यांपुढे दाखवली. या बँकेचे शहाणपण परवान्याच्या गोष्टीपेक्षा तिच्या रोजच्या चालीत दिसते. बाजारात बसणारी बाई धंदा सोडून बँकेत येऊ शकत नाही, म्हणून बँकेची माणसे बाजारात आणि दारात गेली. पुढे बायकांसाठी गाडीतून फिरणारी उद्योग शाळा आली, स्वतःचे रेडिओ केंद्र आले. माणदेशी महोत्सवाने घोंगडी विणणारे, केरसुणी बांधणारे, चटण्या-मसाले करणाऱ्या बायका यांना थेट मुंबईत, प्रभादेवीच्या रवींद्र नाट्यमंदिरात नेऊन बसवले. त्यांच्या वस्तू मुंबईकराने त्यांच्याच तोंडून त्यांची माहिती ऐकून घेतल्या.

महोत्सव, मानिनी जत्रा, मुंबईचे महालक्ष्मी सरस ही प्रदर्शने हवीतच. पण ती वर्षातून एकदा, मोजके दिवस भरतात. कपड्याच्या धंद्याला पुन्हा येणारे गिऱ्हाईक लागते. मागच्या महिन्यात घेतलेल्या कुडत्याचा रंग टिकला हे सांगायला, बहिणीसाठी दुसरा घ्यायला, ‘असाच निळ्यात करून द्याल का?’ असे विचारायला ते परत येते. त्यासाठी जागा ठरलेली हवी आणि वारही. गोव्यात अंजुणचा बुधवारचा बाजार सत्तरच्या दशकात परदेशी पाहुण्यांनी आपल्याजवळच्या वस्तू विकण्यातून सुरू झाला. रंगीबेरंगी टाय अँड डाय तिथे पन्नास वर्षे खपते आहे, कारण हंगामात बुधवार चुकत नाही. दिल्लीत १९९४ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली हाटची रीतही साधी. कारागिरांना पंधरा पंधरा दिवसांच्या पाळीने गाळे मिळतात, म्हणजे जागा कायम राहते आणि माणसे बदलत राहतात.

सातारा शहराला असे काही करणे जड नाही. कासच्या फुलांच्या हंगामात, ऑगस्ट ते ऑक्टोबर, पुण्या-मुंबईच्या गाड्या शहरातूनच वर जातात. पठारावर बाजार नको, ते जपायला हवे. पण पायथ्याशी, शहरात, त्या तीन महिन्यांतल्या शनिवार-रविवारी पंचवीस ओट्यांचा हातमालाचा बाजार भरवता येईल. महाबळेश्वर-पाचगणीच्या पेठांत स्ट्रॉबेरीच्या क्रशशेजारी जिल्ह्यातच रंगवलेल्या ओढण्या टांगलेल्या दिसायला हव्यात.

कायदा तर बाजूनेच आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती नेमायला सांगितले आहे. तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया असायला हव्यात. विक्रीचे प्रमाणपत्र देतानाही स्त्रियांना प्राधान्य आहे. पीएम स्वनिधीचे पहिले कर्ज आता १५,००० रुपयांपर्यंत मिळते. एका हंगामाचे सुती कापड उचलायला ते पुरेसे आहे. पण मोठी फट आहे ती पीएम विश्वकर्मा योजनेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत अठरा व्यवसाय आहेत. शिंपी आहे, परीट आहे, माळा करणारा आहे. रंगारी मात्र नाही. म्हणजे ओढणीला बीडिंग करणाऱ्या हाताला अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाचे कर्ज, आणि तीच ओढणी रंगवणाऱ्या हाताला काही नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांनी संसदेत ही दुरुस्ती मागायला हवी.

पाण्याचा विषय टाळून चालणार नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यात माणला जेमतेम पाचशे. रंगवलेले कापड पाच-सहा पाण्यांतून काढावे लागते. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात ते कसे व्हायचे? शेवटची पाणी जवळजवळ स्वच्छ असतात. ती साठवून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धुण्याला वापरता येतात. पण पहिले रंगाचे आणि सोड्याचे पाणी ओढ्यात सोडणे योग्य नाही. घरोघरी घमेल्यात रंगवण्याऐवजी गावात एक सामायिक रंगशाला असावी. दोन हौद, एक चूल, पाणी मुरण्याआधी गाळणारा खड्डा. ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर एवढ्यावर काम भागते, आणि बायकांनी एकत्र रंगवले की रंगाच्या पुड्याही ठोक भावात येतात.

सांगलीत जागा ठरवताना एक काळजी वेगळी घ्यावी लागेल. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले आणि पेठांमधली दुकाने बुडाली. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. मोठ्या व्यापाऱ्याचा माल वरच्या मजल्यावर जाऊ शकतो, हातावर पोट असणारीचा गठ्ठा जमिनीवरच असतो. म्हणून सांगलीचा हातमाल बाजार पूररेषेच्या बाहेर हवा आणि त्याला कुलपाची, उंचावरची सामायिक कोठी हवी. दिवाळीचा माल बांधून-रंगवून ठेवायला बायका श्रावणातच सुरुवात करतात, आणि कृष्णा फुगते तीही श्रावणातच.