बोर्ड गेलाय म्हणे!

आमच्या घरात एक जुना कम्प्युटर आहे. इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर, चार जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. मुलगी त्यावर एमएच्या प्रबंधाचं काम करते. ती रोज तक्रार करायची, "अब्बा, फाईल उघडेपर्यंत चहा होतो." म्हणून मी आणखी चार जीबीची रॅम आणि एक एसएसडी घेऊन आलो. रॅम स्वस्तात मिळाली, याचा मला अभिमानच वाटला. बसवायला भाच्याला बोलावलं. तो शहरातल्या एका छोट्या दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, मोबाईल आणि कम्प्युटर दोन्ही बघतो.

त्याने दोन्ही वस्तू बसवल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच. आतून टूं... टूं... असा आवाज यायला लागला. तो म्हणाला, "मामू, थांबा, नवी रॅम काढून बघतो." पण मुलीचा चेहरा पडलेला बघून माझा तोल गेला. तिची चाळीस पानं त्याच मशीनमध्ये होती, दुसरीकडे कुठेच नव्हती. मी चार लोकांदेखत त्याला बोललो, "येत नव्हतं तर हात कशाला लावलास?" तो काही न बोलता निघून गेला.

मग मीच कॅबिनेटमध्ये हात घातला. नवी रॅम ओढून काढली, वायरी इकडच्या तिकडे केल्या, पुन्हा बटण दाबलं. पडदा तसाच काळा. दुसऱ्या दिवशी मशीन रिक्षात घालून एका दुकानात नेलं. तिथल्या माणसाने बटण दाबलं, जेमतेम दोन मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, "बोर्ड गेलाय. आता बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळंच नवं घ्या." त्याने सांगितलेल्या आकड्यात आमच्या घराचा महिन्याचा किराणा दोनदा आला असता.

बहिणीने फोनवर माझी कानउघाडणी केली आणि जुम्याच्या दिवशी नमाजनंतर भाचा पुन्हा आला. कुठेही राग दाखवला नाही. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी त्याने मला विचारलं, "मामू, पहिल्या दिवशी टूं टूं वाजत होतं. तुम्ही रॅम काढल्यानंतर वाजलं का?"

मी आठवून बघितलं. नव्हतं वाजलं.

"मग हा दुसरा बिघाड आहे. पहिला वेगळा, हा वेगळा."

त्याने मला जे समजावलं ते प्रत्येक घरात माहीत असावं असं आहे. मशीन टूं टूं वाजवतं, म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर जागे आहेत आणि रॅमबद्दल तक्रार करत आहेत. मेलेला बोर्ड तक्रार करत नाही. पण रॅम काढूनही आवाज येत नसेल, तर प्रोसेसरच उठलेला नाही. (कॅबिनेटला छोटा स्पीकर असेल तरच हे ऐकू येतं. अनेकांत तो नसतो, पण अगदी स्वस्तात मिळतो.)

त्याने प्लग भिंतीतून काढला. बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. मग प्रोसेसरजवळच्या चार पिनांच्या छोट्या प्लगवर बोट ठेवलं. तो अर्धवट बाहेर आलेला होता. माझ्याच ओढाताणीत! या प्लगमधून प्रोसेसरला वीज मिळते. तो सुटला तरी पंखे मजेत फिरत राहतात आणि आपल्याला वाटतं वीज तर येतेय. त्याने तो 'टक्' होईपर्यंत दाबला, रॅम न लावताच मशीन चालू केलं आणि आवाज आला. टूं... टूं...

"बघा मामू, बोर्ड जिवंत आहे."

त्याने पुन्हा वीज काढली. जुन्या रॅमचे सोनेरी दात खोडरबरने हलकेच पुसले आणि दोन्ही बाजूंच्या खटक्या बसेपर्यंत ती दाबली. पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं. पण विंडोज सापडत नाही, असा निरोप आला. मुलगी पुन्हा घाबरली. मधल्या काळात मी बोर्डवरचा तीन व्होल्टचा गोल सेलही काढून घातला होता, त्यामुळे सेटिंग पुसली गेली आणि मशीन विंडोज शोधायला नव्या, रिकाम्या एसएसडीकडे जात होतं. त्याने क्रम बदलला, तारीख दुरुस्त केली. चाळीस पानं जागच्या जागी होती. ती हार्डडिस्कवर होती, त्यांना काही झालंच नव्हतं. त्याने आधी ती पेनड्राइव्हवर उतरवली, मगच पुढचं काम हातात घेतलं.

नवी रॅम एकटी लावली की पुन्हा टूं टूं. दुसऱ्या स्लॉटमध्येही तेच. त्याने स्टिकरवरची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. ती फक्त एएमडीच्या मशीनसाठी होती. बाजारात अशा स्वस्त डीडीआर-थ्री रॅम मिळतात. त्या इंटेलच्या बोर्डात नीट बसतात, पण चालत नाहीत. म्हणजे रॅम चांगली, बोर्डही चांगला, फक्त जोडी चुकीची. आणि ती जोडी जमवली होती मी. ज्याला चार लोकांत बोललो, त्याचा काडीचाही दोष नव्हता. मी त्याची माफी मागितली, तीही त्याच चार लोकांसमोर.

त्याच्या हातात पाचशे रुपये ठेवायला गेलो तर तो हसला. "घरचं काम आहे, राहू द्या. पण दुकानात मी दीडशे मागितले असते तर लोक म्हणतात, नुसता प्लग तर दाबलास, त्याचे कसले पैसे?"

माझं म्हणणं इथून सुरू होतं. आपण सुट्या भागाचे पैसे देतो, निदानाचे देत नाही. डॉक्टरची तपासणी फी निमूटपणे देणारा माणूस कारागिराला "बदललंस काय?" असं विचारतो. मग दुकानदार काय करणार? वीस मिनिटं डोकं घालून सुटलेला प्लग शोधला तर त्याला शून्य, आणि दोन मिनिटांत 'बोर्ड गेलाय' म्हटलं की नव्या सामानावर नफा. सगळे दुकानदार लबाड नसतात. त्यांना घाईत निकाल द्यायला आपण शिकवलं आहे.

कधीकधी बोर्ड खरोखरच जातो. प्रोसेसरखालची पिन वाकते, एखादा भाग जळतो. पण ते ठरवण्याआधी शेवटचा बदल मागे घ्यावा, कमीत कमी भागांवर मशीन उठतं का बघावं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मी एकदम चार गोष्टी बदलल्या आणि एका बिघाडाचे तीन करून ठेवले.

आणि निकालात काढलेला बोर्ड जातो कुठे? दिल्लीतल्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत असा माल हातोडीने फोडला जातो, जाळला जातो. तांबं आणि सोनं काढण्यासाठी ॲसिडही वापरलं जातं. तो धूर आपल्याच गरीब माणसांच्या छातीत जातो. सरकारने 2022 च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, चांगलं झालं. पण दुरुस्ती करणारे हातच उपाशी राहिले तर तो हक्क घेऊन आपण जाणार कुणाकडे?

आमच्या मोहल्ल्यातली कितीतरी मुलं अशा दुकानांत बसून शिकली आहेत. घरात कुणी डिग्रीवाला आला की आपण त्याला खुर्ची देतो आणि या मुलांना 'मेकॅनिक' म्हणून दारातूनच वाटेला लावतो. माझ्या भाच्याने त्या दिवशी आधी प्रश्न विचारला, मग तपासलं आणि शेवटी निर्णय दिला. मी शिकलेला माणूस, मी आधीच निर्णय देऊन मोकळा झालो होतो.

पुढच्या वेळी तुमचा कम्प्युटर उठला नाही तर घरातल्या कुणावर ओरडण्याआधी कान देऊन ऐका, तो काही बोलतोय का. आणि कुणी वीस मिनिटं घालवून सुटलेला प्लग शोधून दिला, तर त्याचे दीडशे रुपये आनंदाने द्या.