एडिटिंग शिकताना लक्ष जातं कुठे?

कोकणातलं आमचं जुनं घर मे महिन्यात पाडायचं ठरलं. त्याआधी मी आत्याला माजघरात बसवून तिच्या आठवणी मोबाइलवर चित्रित करून घेतल्या. एकूण सहा तासांचं चित्रण. त्यातून वीसेक मिनिटांची फिल्म करायची, त्यासाठी व्हिडिओ एडिटिंग शिकायचं असा बेत होता. गणपतीत सगळ्यांना दाखवतो, असं तिला सांगूनही टाकलं. गणपती आले, गेले. ‘झालं का रे तुझं?’ असं ती अजून फोनवर विचारते. आत्या ८६ वर्षांची आहे.

मधल्या चार महिन्यांत मी रोज रात्री लॅपटॉप उघडून यूट्यूबवर एडिटिंगचे धडे बघत होतो. रंग कसे सुधारायचे, आवाजातली घरघर कशी काढायची, दोन दृश्यं कशी जोडायची. एक धडा संपला की शेजारी दुसरा तयारच असायचा. दोन तासांनी, आज बरंच शिकलो, अशा समाधानात झोपायचो. फिल्मचा पहिला कट मात्र पडलेला नव्हता.

गंमत म्हणजे, आपलं लक्ष विचलित झालंय असं मला एकदाही वाटलं नाही. क्रिकेटचा स्कोअर बघत बसलो असतो तर निदान अपराधी तरी वाटलं असतं! एकाग्रतेबद्दल बोलताना आपण सगळा दोष मोबाइलला देतो, स्क्रीनपासून दूर राहा म्हणतो. पण ज्या छंदाचं कामच स्क्रीनवर चालतं, तिथे हा सल्ला कुचकामी ठरतो. इथे लक्ष पळवणारी गोष्ट अभ्यासाच्याच वेशात येते.

शिकागो विद्यापीठातले मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये याच भ्रमावर प्रयोग प्रसिद्ध केले. भांडी न पाडता टेबलावरचं कापड झटक्यात ओढून काढण्याचा व्हिडिओ काहींना एकदा, तर काहींना वीस वेळा दाखवला. वीसदा बघणाऱ्यांना आपल्यालाही हे जमेल, अशी जास्त खात्री वाटली. मूनवॉक आणि डार्ट फेकणं या गोष्टी मात्र लोकांकडून प्रत्यक्ष करून घेतल्या, तेव्हा अनेकदा बघितल्याचा काही फायदा दिसला नाही. वाढला होता तो फक्त आत्मविश्वास. जगलिंगच्या प्रयोगात मात्र ज्यांना ती साधनं क्षणभर हातात धरायला दिली, त्यांचा हा भ्रम कमी झाला.

दुसरी अडचण एडिटिंगच्या स्वभावातच आहे. यात वाट बघायचे क्षण फार. फाइल तयार होतेय, पट्टी हळूहळू सरकतेय, मग आपण सहज मेल उघडतो. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं होतं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं, तर लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. परत टाइमलाइनवर येताना आपण त्या मेलचा तुकडा डोक्यात घेऊनच येतो. त्यामुळे फाइल तयार होत असताना मी आता सरळ उठतो, पाणी पितो, खिडकीतून लांबवर बघतो. स्क्रीनकडे टक लावली की पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. ती चुरचुर मला बरेच दिवस कंटाळाच वाटायची. हॉलिवूडचे नामवंत संकलक वॉल्टर मर्च तर उभं राहूनच एडिटिंग करतात.

छंदाला शाळेसारखी शिस्त कशाला, असं कोणी म्हणेल. मलाही वेळापत्रकं आवडत नाहीत. दुसऱ्याचं कौशल्य बघत बसण्यातही मजा आहे, ती जरूर घ्यावी. फक्त तिला शिकणं म्हणू नये.

शेवटी मी इंटरनेट बंद करून बसलो. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती त्याशिवायही चालते. रोज अर्धा तास, आणि अडलं तरच धडा, तोही तेवढ्यापुरता. सहा तासांचं चित्रण नुसतं ऐकून खुणा करायलाच बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मला तीनच बटणं लागली: जे, के आणि एल. मागे, थांबा, पुढे. पण आत्या कुठे अडखळते, कुठे हसते, कुठे गप्प होते, हे मला त्याच दिवसांत कळलं. कट कुठे द्यायचा, हेही तिथेच उमगू लागलं.

सगळी फिल्म अजून झालेली नाही. परसातल्या विहिरीची गोष्ट तेवढी तीन मिनिटांत बसली आहे. ती आत्याला पाठवली. घर आता उभं नाही, त्यामुळे ती हळवी होईल असं वाटलं होतं. तिचा फोन आला, ‘अरे, मागे तो पंखा किती घरघरतोय, तो आधी काढ.’

घरघर काढायचे चार तरी धडे मी बघितले होते. एकातलंही काही आठवेना.