बाहेर काही काम नाही

भर पावसात रात्री साडेदहाला एखादा पुरुष एकटाच समुद्रावर गेला, तर त्याला रसिक म्हणतात. बाई गेली, तर विचारतात, "घरी सगळं ठीक आहे ना?"

गेल्या जुलैतली गोष्ट. असा वारा सुटला होता की आमच्या गिरगावातल्या चाळीचे पत्रे आपापसांत भांडायला लागले होते. मी रेनकोट चढवला. ह्यांनी टीव्हीवरून मान वळवली.

"कुठे?"

"समुद्रावर."

"काय काम आहे?"

"काही नाही."

तेहतीस वर्षांच्या संसारात ह्यांना एवढं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. "थांब, मी पण येतो," म्हणून ते चपला शोधू लागले. म्हटलं, "अहो, तुमच्यावर राग नाही. पण तुम्ही आलात की समुद्र राहील बाजूला आणि मी तुमच्या डोक्याला वारा लागतोय का तेच बघत बसेन."

पुढे गॅलरी. चार बिऱ्हाडं, चार प्रश्न. शेजारच्या काकूंनी तर थेट २६ जुलैच काढली. मी काही ती विसरलेली नाही. २००५ साली त्या दिवशी चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला अवघा ७३. उपनगरांत कितीतरी बायका कचेऱ्यांतून निघून पाण्यातून चालत, रात्री-अपरात्री घरी पोचल्या. 'एकटी कशाला निघालीस?' असं त्यांना कुणी विचारलं नाही. त्या कामावरून येत होत्या ना! धास्ती वाटते ती बिनकामाच्या बाईची.

खरं तर यावर तोड सोपी आहे. हातात औषधाची चिठ्ठी धरावी. चिठ्ठीवाली बाई मध्यरात्रीसुद्धा सोज्ज्वळ दिसते. दूध संपलंय, मुलीला स्टेशनवरून आणायचंय, कुणीतरी हॉस्पिटलात आहे. बाईचा बाहेर पडायचा परवाना कायम दुसऱ्याच्या नावावर निघतो. मी चिठ्ठी घेतली नाही. माझं सगळं भांडण त्या चिठ्ठीशीच आहे.

आणि हे भांडण आजचं नव्हे. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी आठ नायिका सांगितल्या. त्यांतली अभिसारिका काळोखात, विजा कडाडत असताना, वाटेवरच्या सापांनाही न भिता घराबाहेर पडते. कवींनी तिचं केवढं कौतुक केलं! पण का? तर पलीकडे प्रियकर वाट पाहतोय म्हणून. नुसती भिजायला निघालेली नायिका आठांत एकही नाही. नवव्या नायिकेसाठी भरतमुनींना भूर्जपत्र कमी पडलं असावं.

चर्नी रोडचा पूल ओलांडून मरीन ड्राइव्हला आले. समुद्राला भरती होती. तेव्हा कट्ट्याकडे न जाता शहाण्यासारखी इमारतींच्या बाजूच्या फुटपाथवर उभी राहिले. लाट कठड्यावर आपटून माडासारखी उंच जायची, आणि वारा तिचा चुरा करून थेट माझ्या तोंडावर मारायचा. वरून गोड पाणी, समोरून खारट. चष्म्याचा उपयोग संपला, तो काढून खिशात टाकला. दिवे नुसते पिवळे ठिपके झाले. तासभर मला कुणी 'आई', 'अगं', 'वहिनी' म्हटलं नाही. माझं नाव मलाच दोनदा म्हणून बघावंसं वाटलं. बघितलंही. वारा होता, कुणाला ऐकू गेलं नाही.

मग एक हवालदार आले. "बाई, घरी भांडण झालंय का?"

भांडून मग पस्तावलेली नायिका म्हणजे कलहांतरिता. भला माणूस नकळत भरतमुनींना धरूनच बोलत होता! म्हटलं, "नाही हो, पाऊस बघतेय." त्यांना ते काही पटलं नाही. मी निघेपर्यंत ते बिचारे दहा पावलांवर भिजत उभे राहिले.

पावणेबाराला परतले. काकू गॅलरीत जाग्याच होत्या.

"कसा होता गं?"

"मस्त."

थोड्या वेळाने आवाज खाली आणून म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मला हाक मार. दोघी जाऊ."

"हाक नाही मारणार, काकू. तुमच्या तुम्ही जा. रेनकोट माझा घेऊन जा."

दोरीवर निथळणारा माझा रेनकोट त्यांनी हात लावून पाहिला. बाह्या मापून पाहिल्या. मग म्हणाल्या,

"पण घरी काय सांगू?"