मंगळाच्या पत्रिकेत पृथ्वी कुठे बसते?

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत आम्ही किशोरवयीन मुलींचं तीन दिवसांचं निवासी शिबिर घेतलं. आरोग्य, कायदा, पथनाट्य असा नेहमीचाच कार्यक्रम होता. आकाशदर्शन त्यात नव्हतं. पण त्या दिवसांत संध्याकाळी एकाच वेळी बरेच ग्रह दिसणार म्हणून पेपरात आलं होतं आणि शाळेच्या पटांगणावर दिवे नव्हते. जेवणं उरकल्यावर मुली चटया घेऊन बाहेर आल्या. पश्चिमेला शुक्र झगझगत होता, पूर्वेला तांबूस मंगळ वर चढत होता. मी माझ्या तुटपुंज्या माहितीवर ग्रह दाखवत होते, तेवढ्यात दहावीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, मंगळावर माणसं असली तर त्यांच्या पत्रिकेत आपली पृथ्वी कोणत्या घरात बसती?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. मग तिच्या शेजारची म्हणाली, "हिच्या ताईला मंगळ हाय." आणि हसणं थांबलं.

ताई बावीस वर्षांची, बी. ए. झालेली. दोन स्थळं पत्रिकेवरून परत गेली. तिसऱ्याने मंगळ चालवून घेऊ म्हटलं, पण देण्याघेण्यात 'थोडं समजून घ्या' असा निरोप धाडला. समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या आपल्यापैकी कुणालाच हे नवं नाही. मंगळ हा ग्रह राहत नाही, तो हुंड्याचा दर वाढवायचा एक मुद्दा होऊन बसतो. आणि नवरा पुढे कधी आजारी पडला, अपघातात सापडला, तर बोट दाखवायला ती आयती समोर असतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फळ्यावर साधा हिशेब मांडला. पत्रिकेत घरं बारा. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की मंगळ आहे म्हणायचं. बारापैकी पाच, म्हणजे शंभरातल्या चाळीसेक जणांना मंगळ असणारच. शिबिरात मुली अठ्ठावीस होत्या, म्हणजे अकरा-बारा जणी. "आणि पोरांना नसतो का?" एकीने विचारलं. तेवढाच असतो. पण मुलाच्या मंगळाची चर्चा ओसरीवर होत नाही. ज्या देशातल्या, साड्या नेसलेल्या बायकांची छायाचित्रं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला कक्षेत पोचल्यावर जगभर गाजली, त्याच देशाच्या शाळेतला हा फळा.

पण मला सांगायचं आहे ते आदल्या रात्रीच्या प्रश्नाबद्दल. मुलीने तो गमतीत विचारला खरा, पण मला तो फार मोलाचा वाटला. आपण इथे बसून त्यांच्या ग्रहाला क्रूर ठरवलं. तिथे बसून कुणी आपल्याला काय ठरवलं असतं? त्यांच्या पुराणात पृथ्वी कोण असती? मी मुलींना म्हटलं, तुम्हीच रचा गोष्ट. फक्त तिथून जे खरंच दिसतं तेवढं धरून रचायची.

मंगळावरून पृथ्वी कशी दिसते हे आता अंदाजाने सांगावं लागत नाही. 'स्पिरिट' या गाडीने २००४ मध्ये आणि 'क्युरिऑसिटी'ने ३१ जानेवारी २०१४ ला मंगळाच्या जमिनीवरून पृथ्वीची छायाचित्रं काढली आहेत. आपल्याला शुक्र दिसतो तशी तिथून पृथ्वी दिसते. ती सूर्याचा पदर सोडून फार लांब जात नाही, त्यामुळे मध्यरात्री कधीच दिसायची नाही. एक तर पहाटे, नाहीतर दिवेलागणीनंतर. शेजारी बारीकसा चंद्र, नुसत्या डोळ्यांनीही वेगळा ओळखू येईल असा. आणि मंगळ आपल्याला सगळ्यात जवळ, सगळ्यात तेजस्वी दिसतो त्या दिवसांत तिथून पृथ्वी दिसतच नाही. ती सूर्याच्या बाजूला उजेडात हरवलेली असते. आमच्या शिबिराच्या वेळी तसंच होतं.

मला वाटलं होतं, मुली राजकन्या, परी, निळी देवी असं काहीतरी रचतील. एका गटाने उभं राहून सांगितलं ते असं. मंगळावरचे लोक म्हणतात, ती बाई फक्त अंधारातच बाहेर पडते, पहाटे नाहीतर संध्याकाळी, आणि एकटी कधी पडत नाही, बारकीला बरोबर घेऊन जाते. का? तर ती परसाकडे जाते.

आधी हशा पिकला, मग प्रत्येक गटातून बोलणं सुरू झालं. गावाला हागणदारीमुक्तीचा फलक लागून कितीतरी वर्षं झाली. संडास बांधले आहेत, काहींत गोवऱ्या भरल्या आहेत, काहींना पाणी नाही. उन्हाळ्यात हंडाभर पाणी पिण्याला का संडासाला, हा प्रश्न बाईनेच सोडवायचा असतो आणि ती तो स्वतःच्या पोटावर सोडवते. दिवसभर पाणी कमी प्यायचं, अंधार पडेपर्यंत दम धरायचा. आरोग्याच्या सत्रात या विषयावर मुली तोंड उघडत नव्हत्या. मंगळावरून बघितल्यावर त्या तासभर बोलल्या.

दुसऱ्या गटाला चंद्र दिला होता. चंद्रावर उभं राहिलं तर पृथ्वी उगवत नाही आणि मावळतही नाही. चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते, म्हणून तिथल्या आकाशात पृथ्वी जवळजवळ एकाच ठिकाणी टांगलेली दिसते. आपल्याला दिसणाऱ्या चंद्राच्या जवळपास चौपट रुंद. इथे अमावास्या असते तेव्हा तिथून पृथ्वी पूर्ण उजळलेली असते. आणि चंद्राच्या पाठीमागच्या बाजूला जन्मलेल्याला ती आयुष्यात कधीच दिसणार नाही, मुद्दाम प्रवास करून यावं लागेल. गटाने क्षणाचाही विचार न करता निकाल दिला. पृथ्वी म्हणजे सासू! हलत नाही, डोळा मिटत नाही, सारखं लक्ष. पाठीमागची बाजू म्हणजे माहेर, तिथे सासू दिसत नाही. नवी सून पहिल्यांदा या बाजूला येते आणि वर बघून घाबरते. मुलींचं हे पुराण मी जसंच्या तसं लिहून घेतलं आहे. बिचाऱ्या सासवांबद्दल आपल्या चळवळीने जे म्हणायचं ते दुसऱ्या दिवशीच्या सत्रात म्हटलं, ते इथे पुन्हा सांगत नाही.

शुक्राची गोष्ट कुणाला रचता आली नाही, कारण शुक्रावरून काही दिसतच नाही. आम्लाचे दाट ढग सदैव दाटलेले, जमिनीवर शिसं वितळेल इतकी उष्णता. तिथल्या आकाशात तारे नाहीत, म्हणजे ग्रह नाहीत, म्हणजे पत्रिकाही नाही. "मग तिथल्या पोरींचं बरंय," एक जण म्हणाली. तेव्हा मी त्यांना सांगितलं की तिथे आपल्या तिघी आहेत. शुक्रावरच्या विवरांना आणि पर्वतांना स्त्रियांचीच नावं द्यायची असा आंतरराष्ट्रीय खगोल संघाचा संकेत आहे. पुरुषाचं नाव तिथे एकच, मॅक्सवेल या शास्त्रज्ञाचं, तेही नियमाआधीचं म्हणून राहिलेलं. त्या विवरांत एक आनंदीबाई जोशींच्या नावाचं आहे. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर होऊन आलेल्या आणि पुढच्याच वर्षी, बावीस वर्षंही पुरी होण्याआधी गेलेल्या आनंदीबाई. एक पंडिता रमाबाईंचं, त्यांच्या मेधावी या आडनावाने. आणि एक डॉ. जेरुशा झिराड यांचं, मुंबईच्या कामा रुग्णालयाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्यांचं. तिघी तिथे आहेत आणि तिथून त्यांना पृथ्वी दिसत नाही. इथे रमाबाईंना केवढी नावं ठेवली गेली ते आठवलं की मला वाटतं, नाही दिसत तेच बरं.

याच शुक्राला रोमनांनी प्रेमाची देवी मानलं, बाबिलोनच्या लोकांनी इश्तार मानलं. आपल्याकडे तो शुक्राचार्य, असुरांचा गुरू, पुरुष. चंद्र रोमनांकडे बाई, आपल्याकडे बुवा. नवग्रहांच्या देवळात बघा, नऊच्या नऊ मूर्ती पुरुषांच्या. आकाशात बाई-पुरुष काही लिहिलेलं नसतं. बघणारा आपल्या घरातली माणसं वर नेऊन बसवतो. मंगळावरचाही तेच करील. तिथे घरं आपल्यासारखी असतील तर तिथेही एखाद्या मुलीच्या पत्रिकेत पृथ्वी निघेल आणि स्थळ परत जाईल.

आपण स्वतः पृथ्वीला कुठे बसवलं आहे? नवग्रहांत ती नाही, कारण तिच्यावर तर आपण उभे आहोत. ती आई. मंगळ तिचाच मुलगा, म्हणून त्याला भौम म्हणतात, कुज म्हणतात. पुराणात अशी कथा आहे की शंकराच्या घामाचा थेंब जमिनीवर पडला, त्यातून मूल झालं आणि पृथ्वीने त्याला दूध पाजून वाढवलं. आणि सीता तिची मुलगी, नांगराच्या तासात सापडलेली. एकाच आईची ही दोन लेकरं. मुलाला आकाशात जागा मिळाली आणि तो आजही लोकांच्या लेकींची लग्नं मोडतो आहे. मुलीला जमिनीवरही जागा उरली नाही, तिने आईला दुभंगायला सांगितलं. हे मी शिबिरात बोलले तेव्हा आमच्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या नाराज झाल्या. त्यांचं म्हणणं, "सीता बायकांकडून काढून घेऊ नकोस. जात्यावर बसून बायकांनी स्वतःचा वनवास तिच्या नावाने गायला आहे." ते खरं आहे. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गोळा केलेल्या हजारो ओव्यांमध्ये ही सीता भेटते आणि ती कीर्तनकाराची सीता नव्हे. पण माझा मुद्दाही तोच आहे. ती गोष्ट बायकांनी रचली म्हणून ती कामाची. मंगळाची गोष्ट त्यांनी रचलेली नाही, आणि धरतीमातेचीही नाही.

धरतीमातेबद्दल मला आपल्या चळवळीशीच थोडं भांडायचं आहे. बाई म्हणजे निसर्ग, बाई म्हणजे भूमी, सोसणारी, सर्जनशील, अशी पोस्टरं आपण रंगवली. मीही रंगवली आहेत. आज ती बघताना अवघडायला होतं. जिला आई म्हटलं तिला विचारायची गरज राहत नाही, हे घरात आपण रोज पाहतो. ज्या शेताला माता म्हणतात त्याच्या सातबाऱ्यावर नाव बापाचं आणि भावांचं. त्या मातेच्या मातीत दिवसभर वाकणारी बाई मजुरीच्या हिशेबात, मालकीच्या हिशेबात नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात नवऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली, ते मला शंभर पोस्टरांपेक्षा मोठं वाटतं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत मुलांसारखा हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. इतकं होऊनही केंद्रात येणाऱ्या बायकांनी सही करून दिलेली हक्कसोडपत्रं मी वाचते. कारण एकच असतं, माहेर तुटेल.

त्या मुलीची ताई मार्चमध्ये केंद्रावर आली. बरोबर वडीलही होते, साधा माणूस, हातात पत्रिकेची पिशवी. मंगळाच्या शांतीला किती खर्च येईल, हुंडा किती द्यावा लागेल, याचा कागदावर हिशेब करून आणला होता. बेरीज बघून ताईने विचारलं, एवढे पैसे घालवण्यापेक्षा माझा जमिनीतला वाटा माझ्या नावावर करून द्याल का? वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, मुलाला विचारतो. मी त्यांना वाटपाची आणि फेरफाराची पद्धत समजावून सांगितली, हुंडा देणं-घेणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे हेही सांगितलं. मुलाने काय उत्तर दिलं ते अजून कळलेलं नाही. ताईने मधल्या काळात गावच्या ग्रंथालयात काम धरलं आहे आणि पत्रिका मागणाऱ्या स्थळाला कांदेपोहे करणार नाही म्हणून सांगितलं आहे. घरात सध्या अबोला आहे.

धाकटी पुढच्या शिबिराला येणार आहे. या वेळी शनीवरून पृथ्वी कशी दिसते ते बघायचं म्हणून तिने दुर्बीण मागितली आहे. दुर्बिणीतून शनी दिसेल, शनीवरून पृथ्वी दिसणार नाही, हे तिला समजावते आहे. दुर्बीण मात्र आमच्या संस्थेकडे नाही. वाचकांपैकी कुणाकडे जुनी, वापरात नसलेली पडून असेल तर मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवावं. न्यायला मी स्वतः येईन.